हजार विड्यांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही तिघं सोलापूरचे, जनसंज्ञापनाच्या दुसऱ्या वर्षाला. सामाजिक प्रश्नांवरच्या माहितीपटांच्या एका कार्यशाळेसाठी आमची निवड झाली आहे. पाच दिवस प्रशिक्षण, मग ३० दिवसांत १० मिनिटांची फिल्म करून स्पर्धेला द्यायची. विषय 'विडी कामगार महिलांच्या समस्या'. कॅमेरा नाही, दोन मोबाइल आहेत. मॅडम, जाण्याआधी काय तयारी करावी? परीक्षक नेमकं काय बघतात? आणि ड्रोन भाड्याने घ्यावा का?"

शेवटचा प्रश्न आधी संपवते. ड्रोन नको. ते पैसे एका चांगल्या कॉलर माइकवर घाला आणि उरलेले रिक्षाभाड्याला ठेवा, बस्तीत तुम्हाला वीस खेपा माराव्या लागणार आहेत. विडी वळणारी बाई जमिनीवर मांडी घालून बसते. आकाशातून तिच्या घराचे पत्रे दिसतील, हात दिसणार नाहीत.

मी मुळात संकलक. वीसेक वर्षं दुसऱ्यांनी आणलेलं फुटेज कापत बसले, गेली दहा-बारा वर्षं अशा कार्यशाळांना मार्गदर्शक म्हणून आणि अधूनमधून परीक्षक म्हणून जाते. म्हणजे नवशिक्यांच्या चुका माझ्याकडे येतात तेव्हा दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते. तुम्ही आधी विचारलंत ते बरं केलंत.

आता विषय. 'विडी कामगार महिलांच्या समस्या' हे निबंधाचं शीर्षक आहे. या नावाची फिल्म मी तुम्ही न काढताच बघितली आहे. सुरुवातीला काळ्या पडद्यावर आकडेवारी. मग दोन मिनिटं मजुरी, दोन मिनिटं खोकला आणि पाठदुखी, दोन मिनिटं मुलांचं शिक्षण, दोन मिनिटं सरकारी योजना. मध्ये एक युनियनचे नेते, एक डॉक्टर, एक प्राध्यापक, तिघंही खुर्चीत आणि मागे पुस्तकांचं कपाट. शेवटी एका लहान मुलीचा चेहरा आणि बासरी. यातलं काहीच खोटं नसतं, आणि तरी बघून उठल्यावर एकही बाई लक्षात राहत नाही. 'समस्या' हा शब्द अनेकवचनी वापरला की असंच होतं, सगळ्यांना दोन-दोन मिनिटं वाटून द्यावी लागतात.

तुम्ही सोलापूरचे आहात, म्हणजे तुमच्या हातात घबाड आहे आणि सवयीमुळे ते तुम्हाला दिसत नाही. पूर्वभागात गल्लीगल्लीत उंबऱ्याशी बसून विड्या वळल्या जातात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, दोन्हींत मिसळलेली हिंदी. हे सगळं तुम्ही लहानपणापासून बघितलंय, म्हणून तुम्हाला 'समस्या' सुचली आणि 'हजार' सुचलं नाही.

हजार म्हणजे काय? मजुरी हजारावर मिळते. हजार विड्या वळून झाल्या की त्या कारखान्यात न्यायच्या, तिथे तपासणारा बघणार, काही बाजूला काढणार, उरलेल्या मोजल्या जाणार. हा एक पूर्ण दिवस आहे. त्याला सुरुवात आहे, मेहनत आहे, शेवटी एक खिडकी आहे आणि खिडकीपलीकडे बसलेला माणूस आहे. काय मिळेल, किती कापलं जाईल, याची धाकधूक आहे. याहून चांगली पटकथा तुम्ही टेबलावर बसून लिहू शकणार नाही. पान भिजवणं, कात्रीने कापणं, सुपात घेतलेली तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं, तोंड मुडपणं, जुड्या लावणं, नेणं, मोजणं. मजुरी, तब्येत, मुलीची शाळा, हे सगळं या दिवसातच येऊन बसेल. त्यासाठी वेगळे कप्पे करावे लागणार नाहीत.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती. रोज थोडं थोडं चित्रीकरण, आणि पडद्यावर मिनिटाभरात अंकुराचं रोप. ती चिमुकली फिल्म बघून पैसा लावणारा माणूस तयार झाला. फाळक्यांनी त्याला 'भारतीय शेतीच्या समस्या' दाखवल्या नाहीत. एक गोष्ट होताना दाखवली. आपल्याकडे माहितीपटाची परंपरा त्याही आधीची, सावे दादांनी म्हणजे भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली होती, पण कुस्ती आपण होऊन नाट्यमय असते. वाटाणा नसतो. मला वाटाणा जास्त आवडतो.

वेळेचंही बघा. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड'साठी चौदा वर्षं कॅमेरा चालू ठेवला. घाटकोपरच्या रमाबाई नगरात जुलै १९९७ मध्ये गोळीबार झाला तिथून सुरुवात, फिल्म आली २०११ मध्ये. तुमच्याकडे ३० दिवस आहेत. म्हणून ३० दिवसांत जे पूर्ण होऊ शकतं तेच निवडा. व्यवस्था बदलणार नाही, कायदा येणार नाही, मुलगी डॉक्टर होणार नाही. पण हजार विड्या जवळजवळ रोज होतील. पहिल्यांदा चुकलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टिपता येईल, ही सोय फार थोड्या विषयांत असते.

मग कार्यशाळेला जाताना काय न्यायचं? पॉवरपॉइंट नको. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं करून विषय मांडायला लावतील. तीन वाक्यं पाठ ठेवा: फिल्म कोणाची, तिला काय हवंय, आड काय येतं. आणि मोबाइलवर दोन मिनिटांचा तुकडा घेऊन जा, फक्त हात आणि कात्रीचा आवाज. बाकीचे गट 'आम्हाला जनजागृती करायची आहे' म्हणत असतील, तेव्हा तुमच्याकडे कात्री वाजत असेल. मार्गदर्शक पाच असतील तर पाच दिशांना ओढतील, हेही ठरलेलं. एक म्हणेल निवेदन हवं, दुसरा म्हणेल निवेदन म्हणजे पाप. ऐकून घ्या, वहीत लिहा, रात्री तिघं बसून ठरवा. मार्गदर्शकाला खूश करायला बदललेली फिल्म मला संकलनाच्या टेबलावर लगेच ओळखू येते, तिला दोन डोकी असतात.

परत आल्यावर ३० दिवसांची वाटणी मी अशी करेन: आठ दिवस कॅमेऱ्याशिवाय, सहा दिवस चित्रीकरण, पाच दिवस ऐकून लिहून काढणं, नऊ दिवस संकलन, दोन दिवस उपशीर्षकं आणि फाइल काढणं. मुलं नेहमी उलटं करतात. पहिल्या दिवशी कॅमेरा काढतात, बावीस दिवस शूट करतात आणि शेवटच्या चार रात्री जागतात.

आठ दिवस कॅमेऱ्याशिवाय काय करायचं, असं विचाराल. जायचं आणि बसायचं. मोठ्या बाईला 'अक्का' म्हणा, 'मॅडम' नको. तिथे बसल्यावर तुमच्या प्रश्नांची पट्टी आपोआप बदलेल. 'तुम्हाला या कामाबद्दल कसं वाटतं?' या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे: 'काय वाटायचं, करावं लागतं.' त्याऐवजी विचारा: काल किती झाल्या? पान चांगलं आलं का? फाटकं पान आलं आणि दिलेल्या पानात हजार बसल्या नाहीत तर वरचं पान कोण विकत घेतं? बाजूला काढलेल्या विड्यांचं पुढे काय होतं? पंखा लावला तर तंबाखू उडते का? पहिली विडी कोणी शिकवली, तेव्हा वय काय होतं? हिशेबाची वही आहे का, बघू का? लहान प्रश्नाला माणूस मोठं उत्तर देतो. आणि उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच आकडे मोजा. खरं वाक्य बहुतेक वेळा चौथ्या आकड्याला येतं. तोपर्यंत नवा मुलगा पुढचा प्रश्न टाकून मोकळा झालेला असतो, आणि मी इकडे टेबलावर कपाळावर हात मारते.

आता एक हिशेब सांगते, तो कोणत्याही कार्यशाळेत शिकवत नाहीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आठ-दहा तास बसून हजार होतात असं धरा. म्हणजे तासाला शंभर-सव्वाशे विड्या. तुम्ही तिला 'अक्का, जरा इकडे बघून बोला' म्हणून तासभर बसवलंत, तर तेवढ्या विड्यांची मजुरी तिच्या खिशातून गेली. तुमच्या फिल्मचा पहिला खर्च ती करतेय. म्हणून दोनच रस्ते. एक, काम चालू असताना बोलायचं. हात चालू, नजर सुपावर, मध्येच वर बघणं. फिल्म म्हणूनही हेच देखणं दिसतं, कारण हात थांबले की ते वाक्य तिला जड गेलं हे न सांगता कळतं. दुसरं, बसवून मुलाखत घ्यायचीच असेल तर बुडालेल्या वेळेचे पैसे सरळ द्या आणि तसं दिल्याचं उघड सांगा. बोलण्याचे पैसे आणि बुडीत मजुरीची भरपाई यांत फरक आहे. 'माहितीपटात पैसे द्यायचे नसतात' असं काही जण ठणकावून सांगतील. सांगणारे बहुतेक महिना पगार घेणारे असतात.

भाषेचं सोपं समजू नका. तुमच्यापैकी कोणाच्या घरी तेलुगू आहे का? नसेल तर बस्तीतलीच एखादी कॉलेजला जाणारी मुलगी गटात घ्या, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव 'साहाय्य' खाली ढकलू नका, 'भाषा आणि संशोधन' असं लिहा. बायका मराठीत बोलतील, कारण पाहुणा आला की मराठीत बोलायचं असतं. पण एकमेकींत तेलुगूत बोलतील, आणि मुकादमाविषयीचा विनोद तेलुगूतच होईल. तो विनोद तुमच्या फिल्ममधलं सोनं आहे. सोलापूरची तेलुगू हैदराबादच्या माणसाकडून भाषांतरित करून घेऊ नका, अर्धी निसटेल. आणि उपशीर्षकांत सोलापुरी मराठी पुणेरी करू नका. 'का बे' ला 'काय रे मित्रा' केलेलं मी बघितलंय.

मुलाखत लिहून काढायला किती वेळ लागतो याचाही अंदाज ठेवा. एक तासाचं मराठी बोलणं शब्दशः उतरवायला चार-पाच तास. तेलुगू असेल तर आधी ऐकून सांगणारी आणि मग लिहिणारा, म्हणजे दुप्पट. म्हणून एकूण फुटेज सहा तासांच्या वर नेऊ नका. दहा मिनिटांच्या फिल्मला तेवढंही छत्तीसपट होतं.

संमतीविषयी सविस्तर लिहिते, कारण इथे माझा हात एकदा भाजला आहे. पंधराएक वर्षांपूर्वी घरकाम करणाऱ्या बायकांवरच्या एका फिल्मचं संकलन मी केलं. एकजण मालकांविषयी बोलायला तयार झाली, चेहरा दाखवू नका म्हणाली. पाठमोरी बसवली, उजेड मागून, आवाज जाड केला. फिल्म एका सभागृहात दाखवली आणि आठवड्याच्या आत तिचं काम गेलं. तिच्या मागच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. ते मालकिणीनेच दिवाळीत दिलेलं, त्यांच्या दुकानाच्या नावाचं. ती फ्रेम मी तीनशे वेळा बघितली असेल. मला कॅलेंडर दिसत होतं, ते कोणी दिलं हे विचारावंसं वाटलं नव्हतं. तेव्हापासून मी चेहरा झाकण्यावर विश्वास ठेवत नाही. दार, शेजारचा नळ, बांगड्या, बोलण्याची लकब, भिंतीवरचा फोटो, गल्लीत ओळखायला एवढं पुरतं. तुमची अक्का कारखान्याविरुद्ध काही बोलली तर तिला तिथेच दुसऱ्या दिवशी विड्या द्यायला जायचं आहे. तेव्हा झाकायचं की नाही हे ठरवण्याआधी, हे वाक्य फिल्ममध्ये हवंच का, ते ठरवा. कित्येकदा तीच गोष्ट हिशेबाच्या वहीतून दाखवता येते आणि वही कोणाचीही असू शकते.

संमतीपत्र मराठीत असू द्या, तेलुगूत वाचून दाखवा, आणि सहीपेक्षा कॅमेऱ्यासमोर तोंडी होकार घ्या. त्यात ती स्वतःच्या शब्दांत फिल्म कुठे दिसणार हे सांगेल: 'कॉलेजात, स्पर्धेत, मोबाइलवर सगळ्यांना.' मोबाइलवर सगळ्यांना, हे तिला कळलंय की नाही ते तिच्या आवाजावरून समजतं. स्पर्धेची नियमावलीही आधी नीट वाचा. काही ठिकाणी फिल्मचे सगळे हक्क आयोजकांकडे जातात, काही ठिकाणी फक्त दाखवण्याची परवानगी. जे तुमचं नाही ते तुम्ही देऊ शकत नाही. तिने होकार तुम्हाला दिला आहे, आयोजकांच्या जाहिरातीला नाही.

मुलांचं वेगळं. घरात दहा-अकरा वर्षांची मुलगी दोरा बांधायला हात लावत असेल तर तुमचा कॅमेरा आपोआप तिकडे वळेल, मला माहीत आहे. वळवू नका. ते दृश्य बघून प्रेक्षक व्यवस्थेवर नाही, आईवर बोट ठेवतो, आणि बालमजुरीच्या कायद्याचा बडगाही तिच्याच दारात येतो. लैंगिक अत्याचारपीडित मुलांची ओळख उघड करायला २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ ने बंदी आहे, बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने ती आणखी व्यापक केली आहे. विषय बदलून पुढे कधी तिकडे गेलात तर ही दोन कलमं ध्यानात असू द्या. 'आम्ही विद्यार्थी आहोत' ही सबब तिथे चालत नाही.

कारखान्याच्या आत चित्रीकरणाची लेखी परवानगी मागा. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने. मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर लपूनछपून मोबाइल नेऊ नका, त्याचा भुर्दंड तुमच्यासोबत आलेल्या बाईला पडेल. बाहेर थांबा. सूप, पिशवी घेऊन आत जाणाऱ्या बायका, बंद दार, मग बाहेर येणाऱ्या बायका. आत काय झालं ते तिच्या चालण्यावरून कळेल आणि घरी जाताना ती सांगेल. न दिसलेली खिडकी दिसलेल्या खिडकीपेक्षा जास्त काम करते, हे मी संकलक म्हणून सांगते.

कॅमेऱ्याचं पटकन. मोबाइल आडवा. विमान मोड चालू, नाहीतर नेमक्या वेळी मामाचा फोन येतो. सेटिंगमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, ३० किंवा ६० फ्रेमवर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी थरथरताना दिसतात आणि ते नंतर निघत नाही. फोनच्या मूळ अ‍ॅपमध्ये २५ नसेल तर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप फुकट मिळतं. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. प्रत्येक शॉट दहा सेकंद हलवू नका, झूम तर करूच नका, पुढे सरका. १०८०पी पुरे आहे, तासाला साधारण चार ते आठ जीबी होतात. ४के ला दहा ते वीसच्या घरात जातं आणि तुमचा लॅपटॉप रडतो. रोज रात्री फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या घरी. एकाच बॅगेत ठेवलेल्या दोन डिस्क म्हणजे एकच डिस्क.

आवाजाकडे मात्र सगळी शक्ती लावा. चित्र हललेलं, अंधारलेलं चालतं, प्रेक्षक माफ करतो. शब्द कळला नाही तर तो दोन मिनिटांत मनाने उठून जातो. वायरचा कॉलर माइक घ्या, वायरलेसपेक्षा स्वस्त आणि भरवशाचा. माइक पदराच्या आत घातला तर सुती साडी घासल्याचा आवाज येतो, काठाला बाहेर लावा. बोलणं एका फोनवर, चित्र दुसऱ्यावर घेणार असाल तर सुरुवातीला टाळी वाजवा. फोनचा फ्रेम रेट मागेपुढे होत राहतो, म्हणून लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटे होतात. संकलनाआधी हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून सगळं एकसारख्या २५ फ्रेमवर आणा. प्रत्येक जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या, कोणी न बोलता. शिवाय आवाजांची वेगळी यादी करून हिंडा: ओल्या पानातून जाणारी कात्री, सुपात तंबाखू चाळवणं, दोरा तुटल्याचा तो बारीक आवाज, लांबून यंत्रमागांची खडखड, संध्याकाळी जुड्या मोजणं. या फिल्मचं संगीत हेच आहे. सारंगी लावलीत तर मी गुण कापेन, आणि यूट्यूबवरून उचललेलं गाणं लावलंत तर हक्कांच्या मुद्द्यावर नियमच तुम्हाला कापतील.

संकलन कागदावर सुरू करा. लिहून काढलेल्या मुलाखतीतली कामाची वाक्यं कात्रीने कापून जमिनीवर मांडा, दृश्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या. मांडामांड तिथेच करा. दा विंची रिझॉल्वची फुकट आवृत्ती तुमच्या कामाला भरपूर आहे, पण सॉफ्टवेअर उघडलं की माणूस विचार करायचं थांबवून ट्रान्झिशन बघत बसतो. पहिला कच्चा जोड अठरा-वीस मिनिटांचा होईल. तिथून दहावर येताना सगळ्यांत आवडता शॉट आधी काढून बघा. नव्वद टक्के वेळा फिल्म सुटसुटीत होते. मग ज्याला विडीतलं ओ की ठो कळत नाही अशा एकाला दाखवा आणि 'कशी वाटली' विचारू नका. 'काय झालं ते सांग' म्हणा. तो जिथे अडखळेल तिथे तुमची फिल्म अडखळते आहे. 'छान आहे, विचार करायला लावते' असं म्हणाला तर समजा त्याला काही कळलेलं नाही.

निवेदन हवं का? तुमच्यापैकी एकीची आजी विड्या वळत असेल आणि तुम्ही त्या नात्याने बोलणार असाल तर हवं, स्वतःच्या आवाजात. नाहीतर भारदस्त आवाजाचा मित्र पकडून 'सोलापूर... कष्टकऱ्यांचं शहर' असं सुरू करू नका. तज्ज्ञ एकही नको. फार वाटलं तर आकडा पडद्यावर लिहा, एकच, आणि तो तिच्या वहीतला असू द्या: त्या दिवशी किती वळल्या, किती बाजूला काढल्या, हातात काय आलं.

परीक्षक काय बघतात, हा तुमचा मुख्य प्रश्न होता. खरं सांगू? दोन दिवसांत तीस-चाळीस फिल्म बघायच्या असतात, जेवणानंतर डोळे मिटत असतात. पहिल्या चाळीस सेकंदांत आम्ही ठरवतो की या मुलांनी स्वतः काही बघितलंय की गुगल केलंय. विषयाच्या गांभीर्याला गुण मिळत नाहीत. कर्करोगावरची वाईट फिल्म ही वाईट फिल्मच असते, फक्त तसं बोलायला परीक्षकांना अवघड जातं. आमच्यात भांडणं होतात ती बहुतेक एकाच गोष्टीवरून: एकाला प्रश्न महत्त्वाचा वाटतो, दुसऱ्याला हाताळणी. ज्या फिल्मवर भांडण होत नाही ती जिंकते, आणि तिच्यात जवळजवळ नेहमी एक माणूस असतो ज्याच्याशी करणाऱ्यांची खरी ओळख झालेली दिसते. ओळख झाल्याचं पडद्यावर दिसतं. ती बाई कॅमेऱ्याला चहा विचारते.

याशिवाय अगदी क्षुल्लक कारणांनी बाद होणाऱ्या फिल्म दर वर्षी असतात. दहा मिनिटांत श्रेयनामावली धरायची की नाही, हे वाचलेलं नसतं आणि फिल्म अकरा मिनिटं भरते. फाइल उघडत नाही. उपशीर्षकं तीन ओळींची आणि पांढऱ्या भिंतीवर पांढरी. दोन ओळी, ओळीला पस्तीस-चाळीस अक्षरं, अगदी लहान वाक्यालाही निदान दीड सेकंद. अपलोडला शेवटच्या रात्रीची वाट बघू नका, आधी करा आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

स्पर्धेनंतरचं थोडं. मुंबईचा मिफ हा माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी भरतो, केरळचा आयडीएसएफएफके हा माहितीपट-लघुपटांचा वार्षिक महोत्सव २००८ पासून. दोन्हीकडे पाठवा. चित्रपटगृहात किंवा सार्वजनिक खेळ लावायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं, महोत्सवांना त्यातून सूट मिळते. ही सूट गृहीत धरू नका. २००४ च्या मिफसाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली होती, देशभरच्या माहितीपटकारांनी एकत्र येऊन ती मागे घ्यायला लावली. मग निवडीत कित्येक फिल्म गळाल्या, तेव्हा त्याच दिवसांत प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात त्यांनी 'विकल्प' नावाने स्वतःचा महोत्सव भरवला. आज तुम्ही फुकटात हाताळता ते स्वातंत्र्य कोणीतरी भांडून ठेवलेलं आहे.

पण मिफच्या आधी एक खेळ करायचा आहे, आणि तो स्पर्धेला फाइल देण्याच्याही आधी. अक्काच्या गल्लीत, संध्याकाळी विड्या देऊन बायका परतल्यावर. कॉलेजचा प्रोजेक्टर मागून आणा. ज्यांचे चेहरे आहेत त्या सगळ्यांना पूर्ण फिल्म दाखवा, आणि एखादीने 'हे काढा' म्हटलं तर कारण न विचारता काढा, त्यासाठी संकलनाचे शेवटचे दोन दिवस राखून ठेवा. पडद्याला साधी पांढरी चादर लागेल. सोलापुरी आणू नका, नक्षीत अक्काचा चेहरा दिसणार नाही.